पुढच्या पंधरवड्याची पाळी : प्रस्तावना

मजुरीचे कायदे बहुतेक करून झालेल्या कामाचा हिशेब करतात. किती तास भरले, किती नग निघाले, जादा वेळ किती थांबलात आणि त्याचे किती झाले. मजुराच्या आयुष्यात आणखी एक काळ असतो, आणि तो कोणत्याही मस्टरवर चढत नाही. काम लागेल म्हणून राखून ठेवलेला आणि काम न लागल्यामुळे फुकट गेलेला. शुक्रवारी पाळी आहे म्हणून मुलाला सांभाळणाऱ्या बाईंना सांगून ठेवले, आणि गुरुवारी रात्री निरोप आला की उद्या येऊ नका. बाईंचे पैसे द्यावेच लागले, रोज मात्र बुडाला. हा तोटा कोणी सोसायचा, दुकानाच्या मालकाने की दुकानात काम करणारीने? पुढच्या प्रकरणांचा विषय मुळात एवढाच आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत त्याच्याभोवती कायदे, खटले, सर्वेक्षणे आणि कडाक्याचे वाद यांचे एक स्वतंत्र अभ्यासक्षेत्र उभे राहिले आहे. त्यात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे. मग तो कायद्याचा विद्यार्थी असो, युनियनचा कार्यकर्ता असो, नाहीतर मनुष्यबळ विभागात बसून दर आठवड्याला रोस्टर बनवणारा असो.

अमेरिकेत या कायद्यांना ‘फेअर वर्कवीक’ कायदे म्हणतात. तपशील शहरागणिक बदलतात, पण मागणी साधारण सारखी असते. पाळीपत्रक दोन आठवडे आधी लावा. लावल्यावर त्यात बदल केलात तर त्याचे पैसे मोजा. रात्री दुकान बंद करणाऱ्यालाच पहाटे ते उघडायला बोलावू नका. नवा माणूस घेण्याआधी असलेल्या अर्धवेळ लोकांना जादा तास हवेत का ते विचारा. हे सगळे वाचताना जरा किरकोळच वाटते. आठ तासांच्या दिवसासाठी आणि किमान वेतनासाठी लढलेल्या पिढ्यांपुढे, पाळीपत्रक कधी लावायचे हा प्रश्न कारकुनी वाटावा हे साहजिक आहे. तो कारकुनी का नाही, हे कळायला ते पत्रक तयार कसे होते ते आधी पाहावे लागेल.

मोठ्या साखळी-दुकानांत माणसांवर किती खर्च करायचा हे दुकानाचा मॅनेजर ठरवत नाही. मुख्य कार्यालय येत्या आठवड्याच्या विक्रीचा अंदाज बांधते आणि त्या विक्रीच्या ठरावीक हिश्श्याएवढे कामाचे तास दुकानाच्या वाट्याला देते. सॉफ्टवेअर मागच्या विक्रीचे आकडे, गिऱ्हाइकांची वर्दळ, सणवार, कधी हवामानही पाहून दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्यात किती माणसे हवीत ते सांगते. गर्दी वाढली तर माणूस हवा, ओसरली तर तो घरी गेलेला बरा. मॅनेजरला तासांची मर्यादा ओलांडता येत नाही, आणि माणूस कमी पडला तरी बोलणी त्यालाच खावी लागतात. मग तो शहाणपणाचा मार्ग काढतो: लागतात त्यापेक्षा जास्त माणसे अर्धवेळ म्हणून पटावर घेऊन ठेवतो. कोणी ना कोणी फोनला ‘येते’ म्हणणारच. पटावर माणसे जास्त आणि तास कमी, त्यामुळे तासांसाठी आपसांत चुरस लागते. ‘मला रविवारी जमणार नाही’ असे म्हणणारीचे तास पुढच्या आठवड्यात आपोआप घटतात. शिक्षा म्हणून कोणी काही लिहून देत नाही. ती पत्रकातच असते.

शिकागो विद्यापीठाच्या सुसान लँबर्ट यांनी २००८ मध्ये लिहिलेल्या एका लेखाने या क्षेत्राचा पाया घातला, असे म्हणायला हरकत नाही. त्यांचे म्हणणे असे की, कंपन्या इथे बाजाराची जोखीम तासावर काम करणाऱ्यांच्या गळ्यात अडकवत असतात. पुढे २०१४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत २६ ते ३२ वयोगटातल्या अमेरिकनांची राष्ट्रीय पाहणीतली माहिती तपासली. तासावर काम करणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांना आपली पाळी जेमतेम आठवडाभर किंवा त्याहूनही कमी आधी कळत होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने सॅन दिएगोतल्या स्टारबक्सच्या एका तरुण आईच्या आठवड्याचे सविस्तर वर्णन छापले. रात्री दुकान बंद करून काही तासांत पुन्हा उघडायला जाणे, लेकराला सांभाळायला रोज नवा कोणीतरी शोधणे, बस न मिळणे. लेख छापून आल्याबरोबर कंपनीने सुधारणा जाहीर केल्या. सॅन फ्रान्सिस्कोने नोव्हेंबरमध्ये साखळी-दुकानांसाठी देशातला या प्रकारचा पहिला शहरी कायदा केला. वृत्तपत्राच्या एका लेखाने कायदा झाला असे मात्र कोणी समजू नये. फास्ट फूड कामगारांची २०१२ पासूनची तासाला पंधरा डॉलर वेतनाची चळवळ आणि किरकोळ विक्रीतल्या कामगारांच्या संघटना यांनी जमीन आधीच नांगरलेली होती.

ही व्यवस्था नवी आहे, संगणकाने आणली आहे, असा सूर अमेरिकन लेखनात वारंवार ऐकू येतो. सॉफ्टवेअर नवे आहे हे खरे. व्यवस्था जुनी आहे, आणि मुंबईच्या गिरणगावाशी ज्याचा संबंध आला आहे त्याला ती ओळखायला वेळ लागणार नाही. परळ-लालबागच्या गिरण्यांत कायम कामगारांच्या जोडीने बदलीवाल्यांची मोठी संख्या असे. पाळीच्या भोंग्याआधी बदलीवाल्याने गेटवर हजर राहायचे. कोणी कायम कामगाराने खाडा केला असेल तर त्याच्या जागी काम, नाही तर आल्या पावली परत. त्या दिवशी कोणाला आत घ्यायचे हे जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हातात, त्यामुळे जॉबरची दस्तुरी, म्हणजे वरकमाई आलीच. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली नियंत्रणाची योजना आणली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक लोकांना बदली कार्डे द्यायची आणि काम त्यांनाच आधी मिळेल असे पाहायचे. जॉबरचा हात त्याने थोडा आखडला. कार्डवाल्याची रोजची हजेरी मात्र सुटली नाही, आणि काम न लागल्याचा तोटाही त्याचाच राहिला. राजनारायण चंदावरकर यांनी १९०० ते १९४० या काळातल्या मुंबईच्या भांडवलशाहीवर जे लिहिले आहे त्याचा एक धागा हाच आहे: सुताकापडाच्या बाजारातले चढउतार गिरणीमालकांनी हंगामी मजुरांच्या आधारावर पेलले. लँबर्ट यांचा लेख आणि चंदावरकरांचे पुस्तक शेजारी ठेवून वाचावे, असे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. एकाने दुसऱ्याचा उल्लेख केलेला नाही, तरी दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत.

गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या मागण्यांकडेही या दृष्टीने पुन्हा पाहता येईल. १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभेत त्यांनी मांडलेल्या मागण्यांत रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाची ठरलेली वेळ आणि पगाराची ठरलेली तारीख होती. आपण त्या विश्रांतीच्या मागण्या म्हणून शिकतो. त्या ठाऊक असण्याच्याही मागण्या आहेत. सुट्टी मिळणे एक आणि ती कधी मिळणार हे माहीत असणे दुसरे. १८९० मध्ये रविवार मिळाला, तेव्हा कामगाराला आठवड्यातला एक दिवस महिनाभर आधी सांगता येऊ लागला. आज अमेरिकेतल्या मॉलमध्ये काम करणाऱ्या बाईला नेमके तेच हवे आहे.

गोद्यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. लंडनच्या गोदी कामगारांचा १८८९ चा संप तासाला सहा पेन्सच्या मागणीसाठी लक्षात राहिला, पण मागण्यांत आणखी एक कलम होते: एकदा कामावर घेतले की निदान चार तासांचे काम द्यायचे. सकाळी दारावर गर्दी करून उभे राहायचे, फोरमनची नजर पडली तर आत, आणि तासाभरात जहाज रिकामे झाले की बाहेर, असा तो धंदा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये ब्रिटनने गोदी कामगारांसाठी राष्ट्रीय योजना केली आणि १९४८ मध्ये भारताने गोदी कामगार रोजगार नियमनाचा कायदा. मुंबईच्या डॉक लेबर बोर्डाखाली नोंदलेला कामगार हजर राहिला आणि त्याला काम मिळाले नाही, तर त्याला हजेरी भत्ता मिळत असे. शिवाय महिन्याकाठी काही दिवसांच्या वेतनाची हमी होती. जहाजे कधी येतील हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून या योजनेने जहाजांना शिस्त लावण्याच्या फंदात न पडता वाट पाहण्याचाच खर्च सगळ्या मालकांवर मिळून टाकला. पूर्वसूचनेचे कायदे वाचताना हा दुसरा मार्ग डोळ्याआड होऊ देऊ नये.

गोदीबाहेर, आपल्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ च्या दुरुस्तीने ‘ले-ऑफ’ची व्याख्या आली. तिचे स्पष्टीकरण मूळ शब्दांत वाचण्यासारखे आहे. पटावर नाव असलेला कामगार ठरलेल्या वेळी हजर झाला आणि दोन तासांत त्याला काम दिले नाही, तर त्या दिवसापुरता त्याला ले-ऑफ दिला असे धरायचे. त्याला उत्तरार्धात यायला सांगितले, आणि तेव्हाही काम दिले नाही, तर त्या अर्ध्या दिवसाचे पूर्ण वेतन व महागाई भत्ता. ले-ऑफची भरपाई मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी. म्हणजे न झालेल्या कामाला किंमत लावण्याची कल्पना आपल्या कायद्यात सत्तर वर्षांपासून आहे. त्याच कलमाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे: भरपाई कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरती, पन्नासांहून कमी कामगार असलेल्या ठिकाणी नाही, आणि बदली व नैमित्तिक कामगारांना नाही. वर्षभराची सलग सेवा झाली की बदलीवाला कायद्याच्या लेखी बदली राहत नाही, पण मधले दिवस त्याचे त्यानेच काढायचे. रोज गेटवर जाऊन परत येण्याची पाळी ज्याच्यावर यायची, त्यालाच कलमाने वगळले. कामगार कायद्यांच्या इतिहासात असे इतक्यांदा झाले आहे की त्याला योगायोग म्हणणे जड जाते.

आता अमेरिकेकडे परत येऊ, कारण या ग्रंथाचा मुख्य भाग तिथलाच आहे. सॅन फ्रान्सिस्कोनंतर सिएटलने २०१६ मध्ये कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. एमरीव्हिल हे कॅलिफोर्नियातले छोटे शहर त्याच महिन्यात पुढे आले. न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर २०१७ पासून कायदा लागू झाला. ओरेगन हे असा कायदा करणारे पहिले राज्य. तिथे जुलै २०१८ पासून सात दिवसांची आणि जुलै २०२० पासून चौदा दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. पुढे शिकागो, फिलाडेल्फिया आणि एप्रिल २०२३ मध्ये लॉस एंजेलिस. शिकागोचा कायदा सर्वांत व्यापक; त्यात दुकाने व उपाहारगृहांबरोबर रुग्णालये, हॉटेले, गोदामे आणि उत्पादनही येते. केंद्राच्या पातळीवर मात्र २०१४ पासून मांडलेले विधेयक संमत झालेले नाही, आणि १९३८ च्या केंद्रीय श्रममानक कायद्यात पूर्वसूचनेबद्दल अक्षर नाही. काही राज्यांनी तर आपल्या शहरांना असे कायदे करायलाच मनाई केली आहे. ही यादी इथे संपवतो. पुढच्या प्रकरणांत ती सविस्तर आहे.

मला थांबावेसे वाटते ते न्यूयॉर्कच्या फास्ट फूडसाठीच्या दरपत्रकाशी. चौदा दिवसांच्या आत पण सात दिवस आधी पाळीचे तास वाढवले तर कामगाराला दहा डॉलर, कमी केले तर वीस. सात दिवसांच्या आत कमी केले तर पंचेचाळीस. चोवीस तासांच्या आत रद्द केले तर पंच्याहत्तर. रात्री दुकान बंद करणाऱ्याला अकरा तासांच्या आत पुन्हा बोलावले तर त्याची लेखी संमती आणि शंभर डॉलर. या आकड्यांकडे नीट पाहिले की कायद्याचा स्वभाव कळतो. त्याने बदलाला बंदी केलेली नाही. त्याने बदलाला भाव लावला आहे, आणि तो भाव वेळ जवळ येईल तसा चढतो. तास वाढवणे स्वस्त आणि कापणे महाग ठेवले, कारण कापलेल्या तासाबरोबर पगारही जातो. मंगळवारी पाऊस पडणार म्हणून मॅनेजरने दोघांना घरी बसवायचे ठरवले, तर आता त्याच्या हिशेबात दीडशे डॉलरची भर पडते. कदाचित तो म्हणेल, राहू देत, गोदामातली खोकी तरी लावून घेऊ. याआधी हा खर्च नव्हता असे नाही. तो दुकानाच्या वहीत नव्हता, एवढेच.

सिएटल आणि ओरेगन यांनी ठरावीक रकमेऐवजी वेतनाच्या प्रमाणात दर ठेवला: तास वाढवले किंवा हलवले तर एका तासाचे जादा वेतन, कापले तर कापलेल्या तासांचे निम्मे. दोन्ही पद्धतींच्या बाजूने बोलता येते. मला न्यूयॉर्कची पद्धत बरी वाटते, कारण पाळी रद्द झाल्यावर लेकराला सांभाळणाऱ्या बाईंचा दर आईच्या वेतनाच्या प्रमाणात कमी होत नाही.

भाव लावल्यावर तो वसूल व्हावा लागतो. न्यूयॉर्क शहराने ऑगस्ट २०२२ मध्ये चिपोटले या साखळीशी तडजोड केली, आणि कंपनीने सुमारे तेरा हजार कामगारांना मिळून दोन कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. अशा प्रकरणांत निकाल लागतो तो बहुधा नोंदींवर. पत्रक कधी लावले, कोणी बदलले, संमती लेखी होती का? सॉफ्टवेअरने कामगारांचे तास अस्थिर केले. तेच सॉफ्टवेअर आता प्रत्येक बदलाची वेळ सेकंदासह टिपून ठेवते आणि तपास अधिकाऱ्याच्या कामी येते. हा दैवाचा खेळ मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे.

न्यायालयांनीही जुन्या नियमांतून नवा अर्थ काढला आहे. कॅलिफोर्नियात पूर्वीपासून नियम होता की कामगार कामावर हजर झाला आणि त्याला काम दिले नाही किंवा ठरलेल्याच्या निम्म्याहून कमी दिले, तर त्या पाळीच्या निम्मे, निदान दोन आणि जास्तीत जास्त चार तासांचे वेतन द्यायचे. एका कपड्यांच्या साखळीत ‘ऑन-कॉल’ पाळ्या असत. कामगाराने दोन तास आधी फोन करून यायचे की नाही ते विचारायचे. नको म्हटले तर काहीच मिळत नसे. तिथल्या अपील न्यायालयाने २०१९ मध्ये वॉर्ड विरुद्ध टिलीज या खटल्यात सांगितले की, असा फोन करणे हेही हजर होणेच आहे. आपल्या १९५३ च्या स्पष्टीकरणात कामगाराने आस्थापनेत जाऊन हजर व्हावे लागते. गेट आता फोनच्या रूपाने खिशात आले आहे, त्याचे काय, हे आपल्याकडच्या कायद्याला अजून कोणी नीट विचारलेले दिसत नाही. प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्याने याची नोंद घ्यावी.

या कायद्यांनी फरक पडतो का? या प्रश्नावर आता बऱ्यापैकी पुरावा आहे, आणि तो ज्या रीतीने जमवला गेला तीही शिकण्यासारखी आहे. डॅनियल श्नायडर आणि क्रिस्टन हार्कनेट यांच्या ‘शिफ्ट प्रोजेक्ट’पुढे अडचण अशी होती की, मोठ्या साखळ्या आपल्या कामगारांच्या याद्या संशोधकांना देत नाहीत. त्यांनी फेसबुकवर त्या-त्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना दिसतील अशा जाहिराती देऊन त्यांच्यापर्यंत प्रश्नावली पोचवली. सिएटलच्या कायद्याआधीची आणि नंतरची उत्तरे त्यांनी इतर शहरांतल्या तशाच कामगारांशी ताडून पाहिली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पाळ्या आधी कळण्याचे प्रमाण वाढले, झोप सुधारली, समाधान वाढले आणि घरखर्चाची ओढाताण कमी झाली. एमरीव्हिलमध्ये लहान मुले असलेल्या कामगारांचा अभ्यास झाला, त्याचीही दिशा हीच.

मालकांच्या बाजूने सर्वांत महत्त्वाचा अभ्यास गॅप या कंपनीच्या दुकानांतला. जोन विल्यम्स, लँबर्ट आणि सरवणन केसवन यांनी सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो भागातली २८ दुकाने घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत वाटणी केली, आणि एका गटात पाळ्या स्थिर करण्याचे उपाय करून पाहिले. काही अर्धवेळ लोकांना आठवड्याला निदान वीस तासांची आशा, आपसांत पाळी बदलायला मोबाइल ॲप, सुरुवातीच्या-शेवटच्या वेळा शक्यतो सारख्या. या दुकानांची विक्री सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. मला मात्र या अहवालातला दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो. पाळ्यांतली उलथापालथ गिऱ्हाइकांच्या लहरीमुळे होते असे सगळेच धरून चालत होते. प्रत्यक्षात तिचा बराच भाग मुख्य कार्यालयातून येत होता: मालाची गाडी उशिरा पाठवली, सेलची तारीख ऐनवेळी बदलली, वरच्या साहेबांची भेट ठरली. बाजाराची अनिश्चितता म्हणून जी कामगाराच्या माथी मारली जात होती, तिच्यातली बरीच कंपनीच्या स्वतःच्या अव्यवस्थेतून आलेली होती.

विरोधकांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. छोट्या दुकानदाराला चौदा दिवसांचा अंदाज बांधता येत नाही, म्हणूनच बहुतेक कायदे मोठ्या कंपन्यांपुरते ठेवले गेले. कोणी आजारी पडले तर बदली माणूस बोलावणेही महाग होते. विद्यार्थी कामगारांना आयत्या वेळी मिळणारे तास हवे असतात, आणि दंडाच्या भीतीने मॅनेजर ते विचारेनासा होतो. ओरेगनने यावर स्वखुशीच्या प्रतीक्षायादीची वाट काढली: जादा तासांसाठी ज्याने आपण होऊन नाव दिले आहे त्याला बोलावले तर भरपाई द्यावी लागत नाही. ती ‘स्वखुशी’ किती खरी, हा प्रश्न अर्थातच उरतो.

माझा या कायद्यांवरचा आक्षेप निराळा आहे. येत्या पंधरवड्यात तुम्हाला आठवड्याला फक्त सहा तास आहेत, असे चौदा दिवस आधी सांगितले तर कायदा पाळला गेला. घरभाडे मात्र भरले जाणार नाही. पूर्वसूचना हा हक्क तासांच्या हमीशिवाय लंगडा आहे. अमेरिकेत याची जाणीव हळूहळू आली. सॅन होझेच्या मतदारांनी २०१६ मध्ये जादा तास आधी जुन्या कामगारांना देण्याचा नियम संमत केला. न्यूयॉर्कमध्ये जुलै २०२१ पासून फास्ट फूड कामगाराला कारणाशिवाय काढता येत नाही, आणि त्याचे तास कारणाशिवाय १५ टक्क्यांहून अधिक कापणे हेही काढून टाकण्यासारखेच धरले जाते. माझ्या मते हे छोटे कलम पूर्वसूचनेच्या साऱ्या कलमांपेक्षा खोल जाते. युरोपने तर सुरुवातच या टोकाकडून केली. जर्मनीत बोलावल्यावर येण्याच्या करारात आठवड्याचे तास लिहिले नसतील, तर २०१९ पासून वीस तास ठरले असे कायदा धरतो, आणि चार दिवस आधी न सांगितलेले काम नाकारता येते. आयर्लंडच्या २०१८ च्या कायद्याने प्रत्यक्षात केलेल्या कामावरून तासांचा पट्टा करारात लिहून घेण्याचा हक्क दिला. न्यूझीलंडने २०१६ मध्ये भरपाईविना नुसते ताटकळत ठेवणारे करार बंद केले. ब्रिटनने २०२५ च्या कायद्यात हमीचे तास, पाळीची वाजवी सूचना आणि रद्द पाळीची भरपाई या तिन्ही गोष्टी एकत्र आणल्या आहेत. नियमावली कशी होते यावर त्यांची धार ठरेल.

भारताबद्दल या ग्रंथात एकच प्रकरण आहे, आणि ते मुद्दाम शेवटी आहे. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ६१ प्रमाणे कामाच्या वेळांची सूचना कारखान्यात लावावी लागे, तिची प्रत निरीक्षकाकडे जाई, आणि एक बदल झाल्यावर आठवडा उलटल्याशिवाय निरीक्षकाच्या परवानगीविना दुसरा करता येत नसे. या सूचनाफलकाची परंपरा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९१९ च्या पहिल्याच करारापर्यंत जाते. भारताने तो १९२१ मध्ये मान्य केला होता. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ प्रमाणे कामाचे तास किंवा पाळीपद्धत बदलायला एकवीस दिवसांची नोटीस लागे, म्हणजे न्यूयॉर्कपेक्षा एक आठवडा जास्तच. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतही एकवीस दिवसांची नोटीस आणि वेळांचा फलक या दोन्ही गोष्टी आहेत.

कागदावर आपण पुढे आहोत असे वाटून कोणी खूश होण्याआधी आस्थापनांच्या सेवाशर्तींचे आदर्श स्थायी आदेश उघडावेत. एखादी पाळी बंद करायला दोन महिन्यांची लेखी सूचना, असे तिथे म्हटले आहे. त्याच आदेशात, कामगाराला एका पाळीतून दुसरीत हलवता येईल, असेही म्हटले आहे, आणि त्यासाठी मुदत घातलेली नाही. आपला कायदा गिरणीच्या भोंग्याकडे पाहून लिहिलेला आहे: पाळी संपूर्ण खात्याची असते, बदलली तर सगळ्यांची बदलते, म्हणून फलक पुरतो. हिंजवडीच्या कॉल सेंटरमध्ये किंवा मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात पाळी माणसागणिक असते आणि आठवड्यागणिक फिरते. सगळ्या पाळ्यांच्या वेळा फलकावर वर्षभर तशाच राहतात. कोणती पाळी कोणाला हे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कळते. घरपोच सेवा देणाऱ्यांच्या बाबतीत तर फलकच नाही. कर्नाटकाच्या २०२५ च्या गिग कामगार कायद्याने करारात बदल करायला चौदा दिवसांची सूचना लावली, ही या दिशेची सुरुवात म्हणता येईल. पण आज संध्याकाळी कोणत्या भागात किती ऑर्डरी मिळतील, हा त्यांचा रोजचा प्रश्न त्या कलमाच्या आवाक्यात येत नाही.

या विषयावर मराठी मुलखात काम करू पाहणाऱ्याला साधने गोळा करण्यापासूनच सुरुवात करावी लागेल. गिरणगावाच्या बदलीवाल्यांबद्दल मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी जमवलेल्या मौखिक इतिहासात पुष्कळ सामग्री आहे. आजच्या दुकानांबद्दल हाताशी काय आहे? ग्रुपवर पडणाऱ्या रोस्टरचे फोटो. ते पंधरा मिनिटांत वर सरकून जातात आणि महिन्याभरात फोन बदलला की नाहीसे होतात. एखाद्या दुकानातल्या चार-पाच जणांनी, नावे झाकून, सहा महिन्यांचे फोटो सांभाळले, पत्रक किती वाजता पडले आणि प्रत्यक्षात किती तास भरले ते शेजारी लिहिले, तर त्यावर पहिला चांगला निबंध लिहिता येईल. रद्द झालेल्या पाळीच्या दिवशी रिक्षाला, पाळणाघराला, डब्याला किती गेले, हा रकाना त्यात आवर्जून ठेवावा. सिएटलच्या प्रश्नावलीत तो नव्हता.